चव्वेचाळीस नंबरचं घर

देवरावांनी स्टुलावर चढून फाटकाच्या खांबावरची घर नंबरची पाटी काढली. नंबर होता चव्वेचाळीस, म्हणजे एका पाटीवर दोन चौके. पाहुणा जपानी होता. जपानात चार म्हणजे मरण आणि नऊ म्हणजे छळ, हे देवरावांनी दोन दिवस मोबाईलवर वाचून काढलं होतं.

"आपलं लगन अमावस्येले लावलं तवा नाही भेले," खाली स्टूल धरून उभ्या असलेल्या मनकर्णाबाई म्हणाल्या, "आन् आता चाराले भेऊन राहिले?"

"हे अंधश्रद्धा नाही. पाहुणचार आहे."

हा माणूस अमरावतीच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेला. गल्लीत कोणी दारावर लिंबू-मिरची टांगली की त्याच दारात उभं राहून भाषण ठोकणारा. पण आज प्रश्न पोराचा होता. ललित ओसाकाला नोकरीला होता आणि तिथल्या युकोशी त्याला लग्न करायचं होतं. तिचे वडील हिराता कामासाठी मुंबईला आले होते, ते आज घर पाहायला येणार होते. त्यासाठी ललितही सुट्टी काढून आला होता. "राहू द्या ना बाबा," त्यानं म्हणून पाहिलं. ऐकतो कोण!

तारीख नऊ होती, म्हणून कॅलेंडर पाटीसोबत गादीखाली गेलं. ताटं चार होत होती, म्हणून शेजारच्या नत्थुजींना जेवायला बोलावलं. त्यांना कारण सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. आयतं ताट मिळत असताना कारण कोण विचारतो?

मुंबईची गाडी अकराला येणार होती. घर आपलं आपण शोधू, असं हिरातांनी आधीच कळवलं होतं. एक वाजला तरी त्यांचा पत्ता नव्हता. शेवटी ललित बाहेर पडला, तर सासरेबुवा कोपऱ्यावर घामाघूम उभे. हातात पत्त्याचा कागद. त्रेचाळीसपासून पंचेचाळीसपर्यंत त्यांनी सात चकरा मारल्या होत्या.

"या, बसा. चार घास खाऊन घ्या," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"पाच म्हन, पाच!" देवराव दातओठ खात पुटपुटले.

हिरातांनी वाकून नमस्कार केला, पण ताटाला हात लावला नाही. ललितशी ते बराच वेळ हळू आवाजात बोलले. ललितचा चेहरा उतरला.

"काय म्हनते?" देवरावांनी विचारलं.

"युकोचा जनम चौथ्या महिन्यातल्या चार तारखेचा आहे. आजीनं तिले लहानपणापासून अपशकुनी म्हटलं. लग्नाले तयारच नव्हती ते. मंग मी तिले सांगतलं, माह्या घराचा नंबरच चव्वेचाळीस आहे, तिथं मी लहानाचा मोठा झालो, मले काय झालं? तवा कुठं ते हो म्हनाली." ललित थांबला. "हे तिच्यासाठी त्या पाटीचा फोटो काढाले आले, बाबा. पाटी दिसली नाही, तं त्याइले वाटून राहिलं का मी खोटं बोललो."

देवरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. जन्मभर भाषणं दिलेला माणूस स्टूल शोधायला लागला.

"धुवाले काढली होती म्हना," मनकर्णाबाई म्हणाल्या. त्यांनी गादीखालून पाटी आणली आणि तिच्यावरची धूळ पदरानं पुसत नवऱ्याच्या हातात दिली.

पाहुण्यासमोर देवराव पुन्हा स्टुलावर चढले. पाटी जागेवर गेली. हिरातांनी ती हात लावून पाहिली, डोळे पुसले आणि सगळ्यांना तिच्याखाली उभं केलं. फोटो म्हटल्यावर नत्थुजीही हात धुऊन आले आणि देवरावांना खेटून उभे राहिले.

हिरातांनी बोटानं माणसं मोजली. मग नत्थुजींसमोर कमरेत वाकून त्यांनी आपला मोबाईल त्यांच्या हातात दिला आणि स्वतः देवरावांशेजारी येऊन उभे राहिले.

"काका, तुमी फोटो काढा," ललित म्हणाला. "ते म्हनून राहिले, फोटोत चारच मानसं पायजे."