नववा चिंचोका

"नऊच," जोतिराम म्हणाला. "वाटल्यास अजून एकदा मोजा, अण्णा."

रेवणसिद्धनं परातीतले चिंचोके बोटानं एकेक बाजूला सारले. नऊच भरले. भरायला हवे होते आठ.

सोलापूरच्या जुळे सोलापूर वस्तीत तीन घरांनी मिळून ही इमारत बांधली होती. खोल्या ज्याच्या त्याच्या, चूल मात्र एक. खर्च तोंडाप्रमाणे. दर अमावास्येला प्रत्येक घरानं आपल्याकडच्या तोंडांइतके चिंचोके मूठ झाकून परातीत टाकायचे आणि जितके पडतील तितक्यांत महिन्याचा किराणा, गॅस, पाण्याचा टँकर वाटायचा. ही युक्ती रेवणसिद्धची. त्याच्या घरचे तीन : तो, बायको दानेश्वरी, मुलगी काव्या. जोतिरामचे चार : नवराबायको आणि दोन पोरं. आणि सांगोल्याची कस्तुराबाई एकटी. मेंढरं विकून तिनं कोपऱ्यातली खोली घेतली होती.

रेवणसिद्ध न्यायाचा माणूस. दिवाळीनंतर त्याची आई ईरम्मा जेऊरला थोरल्या भावाकडे गेली, तर यानं त्याच संध्याकाळी आपल्या मुठीतला एक चिंचोका कमी केला. तोंड गेलं, वाटा गेला.

"कुणाची मूठ सैल सुटली?" त्यानं विचारलं.

जोतिरामची बायको पूनम ओढणीचं टोक पिळत बसली. दानेश्वरीला एकाएकी गॅसवरचं दूध आठवलं. कस्तुराबाई छताकडे बघत होती, जणू चिंचोका तिथूनच पडला.

"चिंचोका चुकून पडतो," रेवणसिद्ध म्हणाला, "तोंड चुकून पडत नाही. कुणीतरी माणूस लपवलाय आणि आता मनाला टोचतंय. आपला नियम ठाऊक आहे ना? ज्यानं आपलं माणूस लपवलं, त्यानं खोली सोडायची."

आणि नववा चिंचोका त्यानं सदऱ्याच्या खिशात टाकला.

त्या दिवसापासून त्याचं चित्त ठिकाणावर राहिना. नव्या पेठेतल्या कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकापुढं पट्टी धरली की बोटं आपोआप खिशाकडे जात. एका नवरीच्या मावशीला परकराचं कापड वीतभर कमी फाडलं. तिनं भर दुकानात त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस केली.

मग त्याला एकेक दिसू लागलं. विसरलेला चष्मा न्यायला तो भर दुपारी घरी आला, तर गाडीचा आवाज होताच कस्तुराबाईच्या खोलीची कडी आतून खाडकन लागली. जेवणाचं ताट ती आता खोलीतच नेई. वर ताकात कुस्करलेली मऊ भाकरी वेगळी. "दात लई दुखत्यात," म्हणायची. आणि त्याच संध्याकाळी पायरीवर बसून कडक भाकरी शेंगाचटणीशी कडाकडा फोडायची.

"काल तिच्या खोलीतून कानडी ऐकू आलं," त्यानं जोतिरामला गाठलं.

"टीव्ही असंल."

"तिच्याकडे टीव्ही नाही."

"मग मोबाइल असंल की."

"बटणाचा आहे."

जोतिरामला ठसका लागला.

संध्याकाळी रेवणसिद्धनं दानेश्वरीपुढं सगळं मांडलं. "आत धनाजी आहे. तिचा पोरगा. सांगोल्यात मारामारी करून पळालेला. दोन वर्षं अक्कलकोटात होता, कानडी येणारच. गाडीवरून पडून जबडा मोडलाय, म्हणून मऊ भाकरी. सगळं जुळतंय बघ."

"किती डोकं हो तुम्हाला," दानेश्वरी म्हणाली आणि भांडी घासायला वळली. थोड्या वेळानं पाठमोरीच म्हणाली, "जेऊरला फोन केलावता का?"

"केला. भाऊ म्हणाला, आई मजेत आहे. तिला फोनवर ऐकू येत नाही, मग तिच्याशी बोलायचं काय?"

"तेही खरंच."

रविवार येईपर्यंत त्यानं कसाबसा दम धरला. सकाळीच सगळ्यांना गोळा करून तो कोपऱ्यातल्या खोलीपुढं उभा राहिला. दाराला बाहेरून कडी होती. कस्तुराबाई उंबऱ्यावर ठाण मांडून बसली होती.

"उठा मावशी. आत कोण आहे?"

"अण्णा, मला खोली सोडाय लावली तर मी कुटं जाऊ? मेंढरं बी न्हाईत आता."

तिचा आवाज कापत होता. रेवणसिद्धला क्षणभर वाईट वाटलं. पण खिशात चिंचोका होता.

"जायचं कुठं ते आधी बघायचं होतं. जेवणारं तोंड लपवायचं नसतं. माझ्या घरातलं एक कमी झालं, मी सांगितलं की नाही?"

"व्हय, सांगितलं की. दिवा लावायच्या आत सांगितलं."

"मग!"

"अहो, राहू द्या ना," दानेश्वरी म्हणाली.

"का राहू द्या? आज मऊ पडलो तर उद्या कोण वाटा देईल?"

कस्तुराबाईनं डोळे पुसले. "म्हंजी ज्याचं माणूस, त्यानंच खोली सोडायची. असंच न्हवं?"

"असंच."

"मग त्यो कुणी बी असू दे?"

"कुणीही असो. मी असलो तरी."

"ऐकलंसा न्हवं समद्यांनी?" कस्तुराबाई जोतिरामकडे, पूनमकडे, दानेश्वरीकडे वळून म्हणाली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. तिचा आवाज आता कापत नव्हता.

तिनं कडी काढली. काव्या बापाला ओलांडून आधी आत शिरली आणि कुणाला तरी हात देऊन सावकाश बाहेर घेऊन आली. फरशीवर काठी टेकत, बोळक्या तोंडानं कानडीत पुटपुटत आली ती ईरम्मा. तिनं लेकाला खालून वरपर्यंत न्याहाळलं आणि मोकळा हात त्याच्यापुढं पसरला.

"रेवण्णा, थोरल्याच्या घरी बी माझं तोंड मोजाय लागले, म्हून परत आले. माझा चिंचोका तुज्या खिशात हाय म्हणं. कुणाच्या मुठीत घालायचा, तेवढं सांग."