सिंकचा पाइप

सासरे गेल्यापासून सासूबाई सगळ्यांच्या मागून जेवायच्या. "तुम्ही घ्या उरकून, मी जेवते सावकाश," म्हणायच्या आणि आपलं ताट आपणच घासून ठेवायच्या. सहा महिन्यांत त्यांचं बारा किलो वजन उतरलं, तेव्हा मुलाने त्यांना तपासण्यांसाठी दवाखान्यात दाखल केलं.

दुसऱ्याच दिवशी स्वयंपाकघरातलं सिंक काठोकाठ तुंबलं. सुनेने पाइप साफ करणाऱ्याला बोलावलं. त्याने प्रेशरच्या मशीनची नळी पाइपात सरकवली, मशीन धडधडायला लागलं आणि बाहेरच्या चेंबरमध्ये आंबलेल्या भाताचे गोळे भदाभद येऊन पडले. एक बादली भरली, दुसरी भरत आली, तरी येतच होते.

"ताई, एवढं अन्न कोण ओततं हो यात?" तो म्हणाला. "हा एका दिवसाचा थर नाही."

तिने तिसरी बादली आणून चेंबरच्या काठाशी ठेवली.

तेवढ्यात दवाखान्यातून नवऱ्याचा फोन आला. "रिपोर्ट सगळे चांगले आहेत. आईला नेमकं काय झालंय, डॉक्टरांनाही कळत नाहीये."

"आईंना दे फोन," ती म्हणाली.

त्याने फोन दिला. हिच्या मागे मशीन धडधडतच होतं, फोनवरही ऐकू जाईल इतकं.


सासूबाईंनीच आधी विचारलं, "सिंक तुंबलं का गं?"