दोन अक्षरी उत्तर

मृणाली मिरजोळ्याला सॉफ्टवेअरचं काम करायची. तिचे वडील गंगाराम बोटीवर होते आणि तिथलं इंटरनेट इतकं तुटपुंजं, की आईचा, सगुणाचा, लांबलचक निरोप अर्ध्यावरच तुटायचा. तिची शेवटची ओळ, ‘यंदा गणपतीला घरी या’, दरवेळी समुद्रातच राहायची. म्हणून लेकीने आईसाठी एक वेबपेज बनवलं.

"यातून निरोप आवळून जातो," मृणालीने समजावलं. "जे शब्द परत परत येतात ते एकदाच ठेवायचे, पुढे नुसती खूण. बाबांनी उघडला की अक्षरन् अक्षर जागच्या जागी."

सगुणाने पानभर लिहिलं. ते पाचव्या हिश्श्यावर आलं.

"एवढंसं? काही गाळलंस तर नाही ना गो?"

"नाही. तू ‘वेळेवर जेवा’ नऊ वेळा लिहिलंयस."

"मग? त्यांना एकदा सांगून कळतं होय?"

संध्याकाळी त्याच वेबपेजवरून गंगारामांचं उत्तर आलं, "बरं."

"म्हणजे येतायत," सगुणा उजळली.

मृणालीच्या कपाळाला मात्र आठी पडली. ते दोन अक्षरी उत्तर आवळलं जाण्याऐवजी तिप्पट फुगलं होतं.

"मजकूर फारच छोटा असला की असं होतं," ती म्हणाली. "एका काजूसाठी पोतं शिवल्यासारखं. थांब, दुरुस्त करते."

सगुणाने तिचा हात धरला.

 

"राहू दे बाय. तीस वर्षांत पहिल्यांदा तुझा बापूस जास्त बोललाय."