हिरड्यांतल्या मंडळींची पाठवणी

"काय म्हणतायत आपली मंडळी?" बँडात क्लॅरिनेट वाजवणाऱ्या अण्णांनी मे महिन्यात मफलर आवळत लेकीला विचारलं. दात हलायला लागल्यापासून क्लॅरिनेट पेटीतच होतं.

"त्यांना हवा सोसत नाही," तनुजा म्हणाली. अण्णांच्या हिरड्यांतले जंतू तिने प्रयोगशाळेत बिनहवेच्या बरणीत वाढवले होते.

"माझ्यावर गेलेत."

तिने मोबाइलवर फोटो दाखवला. काचेच्या बशीभर जंतू माजले होते. वेगवेगळ्या औषधांत भिजवलेल्या कागदी टिकल्यांपैकी एकीभोवतीच स्वच्छ वर्तुळ होतं. "इथे मेले. या औषधाने दात वाचतील."

अण्णांनी फोटो निरखून पाहिला. "इतकी वर्षं तोंडात राहिले. निरोप द्यायला हवा." त्यांनी क्लॅरिनेट काढलं, दात सांभाळत पाठवणीची धून धरली.

जंतूंच्या निरोपाला तनुजाचेच डोळे भरले. "ही माझ्या लग्नात वाजवणार होतात ना?"

"तेव्हाही वाजवीन. दात राहतायत ना आता."