चिखलाचे टायर

उदयसिंह आणि त्याचा चुलतभाऊ ऋषिराज, दोघांनी एकाच महिन्यात फोर-बाय-फोर जीप घेतल्या. उदयसिंहानं सांगलीला जाऊन रस्त्यावर आणि रानात दोन्हीकडं चालणारे ऑल-टेरेन टायर बसवले. ऋषिराजनं मात्र खास चिखलासाठीचे, दांडग्या दातांचे मड-टेरेन घेतले. अख्खं गाव ऋषिराजच्याच जीपपुढं फोटो काढायचं आणि उदयसिंहाचा नुसता जळफळाट व्हायचा.

एका पावसाळी दुपारी मळ्यात उदयसिंहाच्या वडिलांच्या, आबांच्या, छातीत कळ आली. त्यांना आणायला निघालेली उदयसिंहाची जीप काळ्या रानात रुतून बसली. ऋषिराजची मात्र चिखल तुडवत गेली आणि आबांना घेऊन थेट सांगलीच्या दवाखान्यात पोचली.

आबा वाचले. भेटायला येणारा जो तो त्या टायरांचंच कौतुक करत होता. उदयसिंहानं ऋषिराजला घट्ट मिठी मारली, पण आतली जळजळ काही जाईना, आणि त्याची त्यालाच लाज वाटत होती.

ऋषिराज चहा आणायला बाहेर गेला, तसं आबांनी लेकाला जवळ बोलावलं.

"ऋषीची गाडी त्या टायरांपायी डांबरी रस्त्यावर लय आवाज करती रं. घरी जाताना मला तुझ्याच गाडीतनं ने."