निजायचं झाड

सहाव्या संध्याकाळीही सिप्रियनचा डबा वाजला नाही.

बाबू गडग्याला टेकून उभा राहिला. जांभ्या दगडांची ती कमरेएवढी भिंत, अलीकडे त्याची बाग, पलीकडे सिप्रियनची. पलीकडच्या रायवळ आंब्यावर माकडं चढत होती. म्हातारी माकडीण पुढे गेली. तिने दोन फांद्या हलवून पाहिल्या, बुंध्याकडे वाकून बघितलं, मग बाकीची एकेक करून वर सरकली.

चाळीस वर्षांत बाबूला त्यांची रीत पाठ झाली होती. माडावर ती निजत नाहीत, वाऱ्याने माड झुलतो. त्यांना उंच झाड लागतं, खालून फांदी नसलेलं, म्हणजे बिबट्याला चढणं जड जातं. रात्र काढायची तीही फांदीच्या टोकाकडे, जिथे बिबट्याचं वजन पेलणार नाही. तसली झाडं आचऱ्याच्या या वाडीत दोनच बागांत उरली होती. आणि माकडं जिथे निजत, तिथेच त्यांची सकाळची न्याहारी. चिकू, शहाळी, आंब्याचा मोहोर, काही म्हणून शिल्लक राहत नसे.

म्हणून रोज दिवस कलला की बाबू फटाके लावून त्यांना पलीकडे हाकलायचा, आणि सिप्रियन तेलाचा डबा बडवून परत अलीकडे. अकरा वर्षांपूर्वी हा गडगा पावसात कोसळला होता. परत रचताना तो हातभर इकडे की हातभर तिकडे, यावरून दोघांचं बोलणं तुटलं. तेव्हापासून सिप्रियनचा आवाज बाबूला ऐकू यायचा तो एवढाच. "हूऽऽ! जावा थंय, तुमच्या मामाकडे!"

मामा म्हणजे बाबू.

पहिले तीन दिवस डबा गप्प राहिला तेव्हा बाबूला बरंच वाटलं. यंदा धावणं जमत नव्हतं. चार पावलांवर दम लागे, वात पेटवताना हात कापे. मागच्या महिन्यात कुडाळला दवाखान्यात दाखवून झालं होतं. अशक्तपणा आहे, डॉक्टरांशी बोलून आलेली त्याची बायको सावित्री म्हणाली होती. अडुसष्टाव्या वर्षी असायचाच.

चौथ्या दिवसापासून मात्र त्याला चैन पडेना.

"सिप्रियन बरो आसा मा गो?" त्याने सावित्रीला विचारलं.

सावित्री तांदूळ निवडत होती. "माका काय ठावक?"

"डबो वाजवीत नाय तो."

"नाय तर नाय. तुमी गप बसा."

"खंय पडलो-बिडलो नाय मा? पोरगो लिओन थंय गोव्याक. घरात बायको लिंडा एकटी."

"तुमी थंय जाव नकात," सावित्री एकदम म्हणाली आणि सूप घेऊन आत गेली. बाबूला वाटलं, हिच्या मनातली अढी अजून गेलेली नाही.

आज गडग्यावरून त्याला पलीकडची जमीन दिसत होती. अर्धवट कुरतडलेले चिकू तसेच पडले होते. कुणी झाडून गोळाही केले नव्हते. सिप्रियनसारखा माणूस चिकू असे पडू देईल? याच सिप्रियनने त्याच्या वरातीत व्हायोलिन वाजवलं होतं, घाटीच्या चढणीपासून घरापर्यंत, न थांबता. तो आत अंथरुणाला खिळला असला तर? त्याहून वाईट काही झालं असलं, आणि आपण इथे सहा दिवस सुखाने निजत असलो तर?

त्याने गडग्यावर एक पाय टाकला. दुसरा टाकायला वेळ लागला. पलीकडे उतरल्यावर तो आंब्याखाली बसला, परत वाटेत एकदा बसला. वरून माकडांनी त्याच्याकडे पाहिलं आणि सोडून दिलं.

सिप्रियन अंगणात होता. जमिनीत रोवलेल्या पहारेवर दणादण नारळ सोलत होता. उघड्या अंगावर घाम होता आणि दंड होते पहिल्यासारखे.

बाबू पायरीवरच बसला आणि त्याला हसू फुटलं. "मेल्या, जितो आसस! माका वाटलां..."

सिप्रियनच्या हातातला नारळ तसाच राहिला. "काय वाटलां?"

"काय नाय."

सिप्रियनने आतून खुर्ची आणली. "वर बस. पायरी थंड आसा." अकरा वर्षांनंतरचं पहिलं बोलणं, आणि तो बाबूकडे बघत नव्हता. लाजला असेल, बाबूला वाटलं. आपल्यालाही थोडं तसंच होतंय.

"सहा दिस माकडां तुझ्याच आंब्यार निजतत," बाबू म्हणाला. "हाकलीत नाय कित्याक?"

"निजांदेत."

"चिकू खाल्ल्यानी सगळे."

"खांदेत."

"रे, तुझो उपकार नको माका!" बाबूला थोडा खोकला आला, मग तो परत हसला. किती दिवसांनी त्याला असं हलकं वाटत होतं. "आयक. एक रात तुझ्याकडे, एक रात माझ्याकडे. उद्या डबो वाजव आणि धाड माझ्याकडे. तो गडगो गेलो खड्ड्यात."

सिप्रियन परत पहारेकडे वळला.

लिंडा चहा घेऊन बाहेर आली होती. दारातच उभी राहून तिने शेवटचं ऐकलं. तिचे डोळे भरून आले. तिने कप बाबूच्या हातात दिला आणि त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला.

"लिंडा, तू आत जा," सिप्रियन म्हणाला.

"नको रे बाबू, तुझ्याकडे कशी धाडतलो तो?" लिंडा म्हणाली. "सावित्री हंय येवन रडान गेली. 'डॉक्टरान दोन म्हयने सांगल्यान,' म्हणाली, 'तेवडे दिस तरी तेंका धावाक लावू नकात.'"