हसरा पेंटर

‘चादर आज पुन्हा ओली. या वयात समुद्र घरी आला, जायचा-यायचा खर्च वाचला.’

थोरल्याने गेलेल्या बाबांच्या डायरीतलं वाचलं आणि सगळे हसून लोळले. लेकीने डोळे पुसले. सुनेने पोट धरलं.

म्हातारी खिडकीशी पाय पसरून बसली होती. ती हसली नाही. ती चादर तिनेच धुतली होती. त्याच दिवशी पेंटरने फेकून मारलेल्या पेल्याने तिच्या कपाळाला खोक पडली होती.

पेंटर म्हणजे तिचा नवरा. अर्ध्या बाजाराच्या पाट्या त्याने रंगवलेल्या. तसं अक्षर पुन्हा होणे नाही. संध्याकाळी डायरीत दोन ओळी थट्टेच्या लिहायच्या नि जेवताना पोरांना वाचून दाखवायच्या, हा त्याचा जन्माचा नेम. झटका आला, त्याने अंथरूण धरलं, तरी डायरी थांबली नाही. पेंटर फोनवर यायचा नाही. मग थोरला विचारायचा, “बाबांनी काय लिहिलंय गं या आठवड्यात?” म्हातारी अडखळत वाचायची. पलीकडे हशा. पोरं फिरकायची मात्र सणावाराला एखाद्या दिवशी, तीही घटकाभर. तेवढा वेळ पेंटर शाल गळ्यापर्यंत ओढून भिंतीकडे तोंड करून पडायचा.

“अक्षर बघ कसं वेडंवाकडं झालंय,” लेक पानावरून बोट फिरवत म्हणाली. “हात थरथरत असणार. पण थट्टा नाही सोडली बाबांनी.”

“नाहीतर आपल्या आई!” सून म्हणाली. “कारलं तुपात तळा, साखरेत घोळा, कडू ते कडूच.”

थोरल्याने डायरी मिटली. घर विकायचं ठरलंच होतं. म्हातारीला कुठे ठेवायचं, तेवढंच उरलं होतं.

“आई, स्पष्ट बोलतो. बाबा असते तर आम्ही हसत नेलं असतं. तुझ्या तोंडापुढे कुणाचा निभाव लागायचा नाही. वृद्धाश्रमात जागा बघितलीय. ही डायरी सोबत ने. वाच, आणि त्यांच्यासारखं हसायला शीक.”

म्हातारीच्या जिभेवर दहा उत्तरं आली. एरवी तिने एकही गिळलं नसतं.

“पेन दे,” ती म्हणाली.

“आता कशाला?”

“त्यांनी कधी दिवस कोरा ठेवला नाही. आजचा का ठेवायचा?”

तिने चष्मा नाकावर चढवला. जीभ दातांत धरली आणि पाटीवर गिरवणाऱ्या पोरीसारखं एकेक अक्षर कोरत राहिली. मग डायरी लेकीकडे सरकवली.

“वाच. मोठ्याने.”

“‘आज पोरांनी कडू कारलं घराबाहेर काढलं. आता सगळ्यांचं जेवण गोड लागो...’”

सून फिस्सकन हसली. लेक मात्र मध्येच थांबली. तिने मागचं पान उलटलं. त्याच्या मागचं उलटलं. पुन्हा आजच्या पानावर आली.

“आई, हे सगळं... तू?”

“मग कोण? त्यांचा उजवा हात पहिल्याच झटक्यात गेला होता,” म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठत म्हणाली. “शाल उचलून बघितली होती का कुणी?”